बर्फावर पुढे गेलेलं यंत्र

भर मे महिन्यात आमच्या दूध डेअरीच्या शीतगृहाचं दार उघडलं आणि मी जागीच थबकलो. आइस्क्रीमच्या खोक्यांमध्ये कानटोपी घालून एक बाई बसली होती. शेजारी रबरी पट्ट्यांवर चालणारं, रणगाड्याच्या पिल्लासारखं यंत्र. "दार लावा ओ भाऊ, माझी थंडी पळती!" ती ओरडली. मालकांनी तिला परवानगी दिल्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या शोभाताई. राहायला देवळाली प्रवरेत, शिकवायला इंजिनिअरिंग कॉलेजात. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर माणसांच्या पुढे चालणारं, बर्फाखालच्या भेगा शोधणारी उपकरणं वाहून नेणारं यंत्र त्या बनवत होत्या. थंडीत कधी वंगण गोठायचं, कधी बॅटरी मान टाकायची, कधी पट्टा तडकायचा. प्रत्येक चाचणीला त्या यंत्राशेजारी आत बसायच्या. मी रागावलो की म्हणायच्या, "त्याला काय हुतंय ते मला कळाया नको व्हय?" सुट्टीत ते प्रवरा नदीच्या वाळूत पळवायच्या. पाण्यातल्या म्हशी बिथरून काठावर यायच्या आणि ताई खुशाल हसायच्या.

अखेर यंत्र मोहिमेबरोबर गेलं. ताई इकडे नवं यंत्र घेऊन पुन्हा आमच्या डेअरीत. एका दुपारी तिथंच त्यांना मोहिमेवरून फोन आला. भेगेवरचा बर्फ खचला होता आणि यंत्र खोल आत गेलं होतं. ताईंनी फोनवर एवढंच विचारलं, "मागं माणसं हुती ना? समदी नीट हायेत?" नीट आहेत म्हटल्यावर माझ्याकडे वळल्या, "भाऊ, चहा सांगा." डोळ्यांत टिपूस नाही. मला त्याचीच भीती वाटली.

काही महिन्यांनी त्या मोहिमेतला एक तरुण बायको-मुलीला घेऊन शिर्डीला आला होता. वाट वाकडी करून ताईंच्या घरी आला. मीही तिथं होतो. ताई पाणी घेऊन आल्या तेव्हा तो म्हणाला, "ताई, यंत्राच्या मागे मीच होतो. बर्फ खचला तेव्हा भेगेची कड माझ्या बुटापासून हातभर होती."

ताईंच्या हातातला तांब्या निसटला. घरभर पाणी झालं.

"मला वाटलं, लांब हुते समदे," त्या पुटपुटल्या आणि त्या ओल्या फरशीवरच खाली बसल्या. त्याच्या मुलीला त्यांनी जवळ ओढलं. यंत्र गेलं तेव्हा न रडलेली बाई आता हमसून रडत होती.

"हातभर? आरं पोरा, हातभरच?"

तो मान डोलवत होता, आणि त्या पुन्हा पुन्हा तेच विचारत होत्या.