ग्रहणातलं पाणी

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये एक मोकळा दिवस आला होता. त्याच दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं, आणि दुपारीच भिंगारमधल्या आमच्या गल्लीची लाईट गेली.

वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं. मी त्यांची नळी सिलिंडरला जोडली, काटा पाहिला, वायरमनला फोन केला, मग दुसऱ्या सिलिंडरसाठी. दुकानदार सणाला गावी गेलेला. बाहेर शेजारचे काका ओरडत होते, "डीपी उडालाय! आज लाईटीलाबी गिरान लागलंय!"

"दादा, सिलिंडर संपायच्या आत दवाखान्यात जाऊ," मी वडिलांना म्हणाले.

"ग्रहण बघून जाऊ," ते म्हणाले.

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. प्रत्येक ग्रहणाला मुलांना पटांगणात न्यायचे आणि घरी आल्यावर मुद्दाम आईसमोर घटाघटा पाणी प्यायचे. "बघ, जिवंत आहे मी." आई ग्रहण सुटेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायची नाही. देव्हाऱ्याकडे तोंड करून बसायची.

त्यांनी शिकवलेलंच मी केलं. आरशावर कागद चिकटवला, कागदाला वाटाण्याएवढं भोक पाडलं. अंगणात जिथे ऊन उरलं होतं तिथे स्टुलावर आरसा ठेवला आणि तिरका करत करत कवडसा खिडकीतून आत सोडला. दिवे नसल्यामुळे खोलीत आधीच अंधार होता. पलंगासमोरच्या भिंतीवर सूर्य उमटला, कडेला चावा घेतलेल्या पापडासारखा.

"आरशात उलटं दिसतं हां," वडील म्हणाले. तेवढ्या बोलण्यानेही त्यांना धाप लागली.

ऑक्सिजनने त्यांचा घसा सारखा कोरडा पडायचा. मी पाण्याचा पेला तोंडाशी नेला. त्यांनी मान फिरवली.

"सुटू दे ग्रहण." ते देव्हाऱ्यापाशी बसलेल्या आईकडे बघत होते.

मला वाटलं, थट्टा आहे. आईला तसं वाटलं नाही. ती पलंगाजवळ आली.

"अहो, आज सुटलेलं दिसणार आहे का?"

"नाही. लागलेलाच मावळणार."

तिने माझ्या हातातून पेला घेतला. आधी स्वतः एक घोट प्यायली. मग पेला त्यांच्या ओठांना लावला.

"बघा, जिवंत आहे मी. प्या आता."

ते प्यायले. निम्मं हनुवटीवर सांडलं, ते तिने पदराने टिपलं. मी काटा बघायला म्हणून सिलिंडरकडे वळले आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिले. तोवर मी औषधं, फोन, गाडी यांचाच विचार करत होते. हा माणूस जाणार आहे, हे आईला माझ्याआधी कळलं होतं, आणि त्यालाही.

थोड्या वेळाने गल्लीत "आली, आली!" असा गलका झाला. ट्यूब लागली आणि भिंतीवरचा सूर्य पुसला गेला.

"बंद कर ती," वडील म्हणाले.

मी मशीन सुरू केलं, ट्यूब बंद केली. कवडसा भिंतीवर वर वर सरकत फिका होत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आईने त्यांचा हात धरून ठेवला होता.

दिवाळी सरता सरता ते गेले.

पुढे चंद्रग्रहण आलं तेव्हा मी आईला पाणी देऊन पाहिलं. तिने पेला बाजूला ठेवून त्यावर ताटली झाकली.

"आता कुणाला दाखवायचंय?" ती म्हणाली.