मामांचं विसरणं

माझ्या बायकोच्या मामांइतकी तल्लख स्मरणशक्ती मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही, आणि ती इतक्या निरुपयोगी कामाला जुंपलेलीही पाहिली नाही. मामांच्या लक्षात फक्त अपमान राहत. स्वतःच्या लग्नाची तिथी ते मामींना विचारत. पण त्या लग्नात 'नवरदेव जरा सावळाच आहे' असं कोण म्हणालं, तो कुठे उभा होता आणि त्याच्या हातात कुठला लाडू होता, हे त्यांना पाठ. मुलुंडला ते आमच्या शेजारच्याच इमारतीत राहत. तिथल्या न्हाव्याने एकदा "आता कापायला उरलंय काय?" असं विचारलं, तेव्हापासून मामा केस कापायला भांडुपला जात. कोपऱ्यावरची भाजीवाली "घ्यायची नसेल तर चिवडू नका" म्हणाली, तर रस्त्याच्या त्या बाजूने चालणंच बंद. "अहो, ती बाई कायमची गावाला गेली," मामी सांगत. "बाई गेली असेल, शब्द तिथेच आहेत," मामा म्हणत.

पण हे सगळं किरकोळ. मुख्य अपमान पार्ल्याचा. तिथल्या एका शाळेत मामा चित्रकला शिकवत. एकदा शाळेसाठी आणलेल्या रंगांच्या पेट्या नाहीशा झाल्या आणि कपाटाची किल्ली मामांकडे असे. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर विचारलं, "घरी मुलांना दिल्यात का?" मामांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि जे बाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. पुढे मुलुंडला नोकरी मिळाली, पण दर रविवारी आमच्याकडे चहाला आले की तीच खोली, तेच वाक्य आणि शेवटी मुख्याध्यापक भेटले तर त्यांना काय सुनावणार, त्याचं भाषण. ऐकून ऐकून ते मलाही पाठ झालं होतं. मामी मात्र भाषण सुरू झालं की उठून आत जात.

टीव्ही नुकताच रंगीत झाला होता, त्या सुमारास मुख्याध्यापकांचं पत्र आलं. निवृत्त होऊन ते बोरिवलीला राहत होते. तब्येत बरी नाही, एकदा येऊन जा, एवढंच लिहिलं होतं. मामांनी ते पत्र आठवडाभर खिशात बाळगलं आणि मग कडक इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे राहिले. "जावईबापू, तुम्ही चला. साक्षीदार पाहिजे."

मुख्याध्यापक खुर्चीत बसले होते, एक बाजू लुळी पडलेली. मामांनी उभ्यानेच सुरुवात केली, "सर, बारा वर्षांपूर्वी आपण मला..."

"पेट्या सापडल्या होत्या," म्हातारा मध्येच म्हणाला. "तुम्ही गेल्यावर महिन्याभरात. जिन्याखालच्या खोलीत. मी कोणाला सांगितलं नाही. लाज वाटली."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. महिन्याभरात! म्हणजे पुढची सगळी वर्षं या माणसाला खरं ठाऊक होतं. आता काय होतंय म्हणून मी श्वास रोखला. भाषणातलं पुढचं वाक्य मला येत होतं, पण मामांच्या तोंडून ते आलं नाही. म्हातारा हात जोडायला बघत होता आणि डावा हात काही उठत नव्हता. मामा पुढे झाले, तो हात त्यांनी धरला आणि अलगद त्याच्या मांडीवर ठेवला.

"सर, मी ते केव्हाच विसरलो," ते म्हणाले.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "मामा, धडधडीत खोटं बोललात."

"हो," मामा चष्मा पुसत म्हणाले, "पण बोललो ना. आता ते खरं करायला पाहिजे."

ते सोपं गेलं नाही. रविवारी चहा पिताना विषय ओठांवर यायचा, मामा थांबायचे, कप बशीत गोल फिरवायचे आणि "जाऊ दे" म्हणायचे. आधी ते दात खाऊन म्हणत, पुढे नुसतंच. खरं सांगायचं तर मला त्या भाषणाची चुटपुट लागायची. मग एका रविवारी बायकोने सहज विचारलं, "मामा, पार्ल्याला तू मुलांना शिकवायचास तरी काय रे?" मी चपापलो. मामींनी मान वर केली. बारा-पंधरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

मामांनी कप बशीत गोल फिरवला, पण या वेळी "जाऊ दे" म्हणाले नाहीत.

"वर्ग मोठा होता," ते हळूच म्हणाले. "उत्तरेला ही एवढी खिडकी. दिवसभर सारखा उजेड. पोरं चाफा काढायची, आणि एकाचा चाफा दुसऱ्यासारखा नसायचा."

"हे कधी बोलला नाहीत," मामी म्हणाल्या.

"मलाही आत्ताच दिसतंय गं," मामा म्हणाले.