हळदीकुंकू लावलेलं खोकं

बाळाच्या वस्तू निवडाव्यात तर मीच, असं आमच्या भावकीतल्या बायका म्हणायच्या. हिरड्यांना न टोचणारा मऊ चमचा, छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी, अंघोळीत बाळ निसटू नये म्हणून टबात बसवायची जाळी, असलं सगळं मी फोनवर शोधून काढायची. पार्सल आमच्या गावापर्यंत येत नाही, म्हणून सिरसाळ्याला जाऊन उचलून आणायची. कुणी जुन्या चोचीच्या बोंडल्याने बाळाला दूध पाजताना दिसली की मी नाक मुरडायची. मला स्वतःला तेव्हा मूल नव्हतं, पण अक्कल शिकवायला मूल कशाला लागतं?

वहिनी मला आवडत नव्हती, हे सरळ सांगते. भावासाठी मी माझी धाकटी नणंद मनात धरली होती आणि त्याने कॉलेजात पसंत केली ती ऊसतोड करणाऱ्या घरातली मुलगी. आमचे वडील गावच्या राजकारणातले, बागायती जमीन, दारात गाड्या. आणि व्याही दिवाळी झाली की कोयता घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसणारे. वहिनी दिसायला देखणी, कामाला वाघ आणि बोलायला गोड. तिच्यात खोट सापडेना, म्हणून मी तिच्या माहेरावर टपून होते.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण तिचं माहेर त्या दिवसांत लांबच्या कारखान्यावर, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या झोपडीत, कोपीत होतं. म्हणून ती आमच्याकडेच बाळंत झाली, मुलगी झाली. बारशाला मात्र माहेरचा बाळंतविडा यायलाच हवा. आमच्याकडे तो सगळ्या बायकांपुढे मांडतात आणि एकेक वस्तू हातात धरून दाखवतात. वहिनीला धास्ती होती ती एवढ्याचीच.

"ताई, तुमाला यातलं लई कळतं," ती मला म्हणाली. "आईला काय काय आणायचं ते तुमीच कळवा. चार बायकांत तिचं हसू होऊ नये, बाकी मला काई नको."

तिने विश्वासाने मागितलं आणि मी यादी केली. झबली, दुपटी, राईची उशी, नखं कापायची बोथट कात्री. आणि शेवटी, मुद्दाम इंग्रजीत, ब्रेस्ट पंप. आईचं दूध काढून ठेवायचं, हाताने दाबायचं यंत्र. असली वस्तू बारशात कुणी मांडत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच लिहिली. यादी त्यांच्या टोळीच्या मुकादमाच्या फोनवर पाठवून दिली आणि वहिनीला म्हटलं, काळजी करू नको.

बारशाला तिची आई दोन एसट्या बदलून एकटीच आली. हातांवर उसाच्या पात्यांचे चरे होते, लुगडं मात्र नवं कोरं. यादीतलं एकूण एक तिने आणलं होतं. पंप सगळ्यात महाग, म्हणून तिला तोच सगळ्यात मानाचा वाटला. तिने त्या खोक्याला हळदीकुंकू लावून ते परातीच्या मधोमध ठेवलं होतं. बाकीचं सगळं त्याच्या भोवती.

"हे काय हाय, विहीणबाई?" चुलतीने विचारलं.

"मला न्हाई बा सांगता येत. ताईंलाच इचारा."

मी खोकं उघडलं. पंप उंच धरला आणि खुशाल सांगितलं, "गोठ्यात म्हशीची धार काढायचं मशीन असतं ना? तसंच हे. बाईसाठी."

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. एकीने सुनेला गोठ्यात बांधायला सांगितलं. वहिनीने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि बाळावर मान खाली घातली. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी खरोखर फार बरं वाटलं.

तिची आई हसली नाही, रागावलीही नाही. पुढे सरकून तिने पंप हातात घेतला.

"यानं दूध निघतंया? निघालेलं ठिवता येतं?"

"चार तास राहतं," मी म्हणाले.

"ही दोन महिन्यांची व्हती तवा मी कोयत्यावर गेलते," तिने वहिनीकडे बोट केलं. "ही कोपीत रडायची आन् मी फडात. छाती तटून पदर भिजायचा. बांधावर बसून पिळून टाकायची मातीत. हे असतं तर पोर उपाशी ऱ्हायली नसती."

हसणं थांबलं. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्यात हे लागत नसंल, तर मी नेऊ का माघारी? माझी सून तितं फडात हाय, लेकरू तीन महिन्यांचं."

तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "बाळंतविड्यात दिलेलं परत नेत नसतात."

पंप खोक्यात घालून मी खोकं कपाटावर ठेवून दिलं. पुढे आत्याच्या मानाने बाळाच्या कानात नावही मीच सांगितलं.

दोन वर्षांनी मी माहेरी, त्याच घरात बाळंत झाले. मुलगी नीट ओढेना. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. नवा पंप मागवला असता तर सिरसाळ्याला यायलाच चार दिवस लागले असते. मला ते खोकं आठवलं. वहिनीला म्हटलं, काढून दे.

तिने ते माझ्या मांडीवर आणून ठेवलं. हळदीचं बोट अजून दिसत होतं. उघडलं तर आत जुन्या कापडाचे बोळे.

"ते यंत्र बारशाच्या दिवशीच मी आईच्या पिशवीत घातलं, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून," ती शांतपणे म्हणाली. "दिलेलं परत नेत न्हाईत असं तुमी म्हणला होता, म्हणून खोकं ठिवलं."

"मग आता मी काय करू गं?"

"माझी आई करायची तेच करा."

तिने स्टीलची वाटी पुढे ठेवली आणि ती दारात उभी राहिली. मी पिळलं. कळ मस्तकात जात होती, मी तोंडात पदर कोंबून रडत होते. ती हसेल म्हणून मी वाट पाहिली. ती हसली नाही, आणि ते मला अजून सोसत नाही.

वाटी अर्धी भरल्यावर तिने ती उचलली, दूध बोंडल्यात ओतलं आणि माझ्या मुलीला मांडीवर घेऊन पाजलं.