बेलीफसाहेबांचा ओटा

कळव्याच्या त्या सात मजली इमारतीत महिपतरावांना अजूनही सगळे बेलीफसाहेबच म्हणतात. ठाण्याच्या कोर्टातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चेहरा अजून समन्स बजावायला निघाल्यासारखाच. ते लिफ्टमध्ये शिरले की पोरं आपोआप गप्प होतात आणि कुत्री फिरवणारे जिना धरतात.

अशा माणसाचं एक गुपित होतं. त्या घरातल्या पोळ्या ते करत.

झालं होतं असं, की मुलगा सुदेश शाळेत असताना पत्नी शीलाताईंचा हात मोडला. प्लास्टर निघेपर्यंत म्हणून महिपतरावांनी लाटणं हातात घेतलं. पहिल्या आठवड्यात नकाशे झाले, दुसऱ्यात पोळ्या, आणि तिसऱ्यात तर असे काही पदर सुटू लागले, की प्लास्टर निघालं तरी शीलाताईंचा हात बरा व्हायचं नाव घेईना. तो अजूनही पोळ्यांपुरता दुखतो.

रोज सकाळी स्वयंपाकघराचं दार लागे. कोणी बेल वाजवली तर शीलाताई सांगत, हे पूजेत आहेत. पूजेतून उठलेल्या माणसाच्या मिशांना पीठ कसं, हा प्रश्न कोणाला पडला नाही. लोकांना वाटलं, मिशा पिकल्या. पोळ्यांची कीर्ती मात्र शीलाताईंच्या नावावर जमा होत गेली. समोरच्या मेघनाने तर त्यांच्याकडे रीतसर शिकवणीच लावली, आणि शीलाताईंनीही जराही न डगमगता शिकवलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग सूनबाई योगिनीने किचन नवं करायला काढलं.

तिला हवं होतं ओपन किचन. म्हणजे हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातली विटांची भिंत पाडायची, दार काढायचं, सगळं मोकळं. महिपतरावांच्या डोळ्यांपुढे थेट चित्रच उभं राहिलं: सोफ्यावर सोसायटीची अख्खी कमिटी आणि तिच्यासमोर कणीक मळणारे आपण. त्यांनी लढा पुकारला. आधी बोंबलाचा वास काढला, पाहुण्यांच्या कपड्यांना लागेल म्हणून. योगिनीने चिमणी दाखवली. मग वास्तुशास्त्र काढलं, ज्याला जन्मभर त्यांनी थोतांड म्हटलं होतं. एका भिंतीचा सरळ ओटा चालेल म्हणाले, समोरासमोरचे दोन चालतील, एल चालेल, यू चालेल.

"बाबा," सुदेश हसू दाबत म्हणाला, "तुम्हाला दार असलेला कुठलाही आकार चालेल."

माप घ्यायला डोंबिवलीहून मॉड्युलर किचनवाला रवींद्र आला, तोवर भांडण तसंच लटकलेलं. पाठोपाठ मेघनाही आली. त्या मजल्यावर कोणाच्या घरात टेप उघडली की बघायला जायची रीतच आहे. रवींद्रने विचारलं, ओट्यापाशी जास्त वेळ उभं कोण राहतं. कोपराच्या खाली चार बोटं एवढी उंची धरली, की कंबर वाकत नाही.

महिपतराव पंख्याकडे बघू लागले. मग नवऱ्याची लाज राखायला जेमतेम पाच फुटांच्या शीलाताई पुढे झाल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. रवींद्रने पेन्सिलने रेघ मारली.

सहा फुटांना दोन बोटं कमी असलेल्या महिपतरावांनी ती रेघ पाहिली. जुना ओटाही एवढाच होता. त्याच्यावर वाकून वाकून कंबरेला पट्टा आला होता, आणि विचारणाऱ्यांपाशी ते बिचाऱ्या कोर्टातल्या खुर्च्यांना शिव्या देत आले होते. आता हा नवा ग्रॅनाइटचा ओटा, एकदा बसला की हलणार नाही. म्हणजे उरलेलं आयुष्य त्या रेघेपाशी ओणवं.

त्यांनी घसा साफ केला.

"पोळ्या मी करतो."

रवींद्रला त्यात काहीच वाटलं नाही. त्याने रेघ पुसली. "मग तुम्ही उभे राहा, काका. हात कोपरात वाकवा."

मेघना मात्र शीलाताईंकडे वळली. "मग काकू, मला शिकवलंत ते काय होतं?"

"ते यांचंच बघून सांगितलं गं," शीलाताई पदराचं टोक चाळवत म्हणाल्या.

"काय सांगितलंस?" भिंतीला टेकलेल्या बेलीफसाहेबांनी विचारलं.

"कणीक घट्ट मळायची म्हणून."

"घट्ट?"

एवढ्या वर्षांचं गुपित फुटल्याचं त्यांना तेवढं लागलं नसेल, जेवढं हे लागलं. रवींद्रचं माप संपेपर्यंत, हात तसाच वाकवलेला ठेवून, त्यांनी मेघनाला कणीक किती सैल, तेल कधी, झाकून किती वेळ, हे सगळं कोर्टाचा हुकूम वाचावा तसं ऐकवलं. ती आधी ओठ चावत होती. मग मोबाईल काढून निमूट लिहून घेऊ लागली.

शेवटी ठरला एल आकार. लांब बाजू शीलाताईंच्या उंचीची, भाजी-आमटीसाठी. आखूड बाजू उंच, तिथे पोळ्यांपुरती वेगळी शेगडी. भिंत पाडायलाही महिपतराव तयार झाले, पण त्या आखूड बाजूपाशी उभं राहिल्यावर तोंड हॉलकडे पाहिजे, या अटीवर. सुदेशला नवल वाटलं. आधी दार मागणारा माणूस आता सगळ्यांसमोर उभा राहायला निघाला होता.

"पाठीमागे कोण हसतंय ते दिसत नाही," महिपतराव म्हणाले. "समोर हसू देत. मग बघतो एकेकाला."

हल्ली कमिटीची बैठक त्यांच्याच हॉलमध्ये भरते. अजून कोणी हसलेलं नाही. हसायला तोंड रिकामं लागतं.