फणसाच्या दाराची गिटार

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. डिचोलीत गिटारी बनवणाऱ्या एका मेस्त्रीकडे मी पॉलिशला होतो. जवळच्या पाळी गावात खाणीसाठी घरं मोडली, त्यांची फणसाची दारं आणून त्याने नव्या गिटारी केल्या. वाजवणारे यायचे. कुणाला आवाज गोड वाटे, कुणाला जड. पण हात थांबला तरी आत काहीतरी उरतं, असं सगळेच म्हणायचे.

एकदा एक अनोळखी माणूस आला. भुवयांवर खाणीची लाल धूळ. तारांना त्याने बोटही लावलं नाही. एकेका गिटारीच्या पाठीवर टकटक करायचा, कान देऊन थांबायचा, खाली ठेवायचा. शेवटच्या गिटारीवर टकटक केली आणि त्याने चपला काढल्या.

"ह्यां आमच्या घरचां दार," तो म्हणाला. "वाजवलां काय आवय भितरसून 'कोण?' म्हणून विचारी. ती गेली. पण अजून विचारता."

गिटार तिथेच ठेवून तो निघून गेला. ती कोणी घेतली नाही, म्हणून माझ्याकडे आली. मी ती वाजवतो, पण पाठीवर टकटक करत नाही. आतून त्याच्या आईने 'कोण?' विचारलं, तर त्या घरात माझं नाव सांगून काय उपयोग?