आमटीवरून युद्ध होत नाही

मुलीच्या शाळेत अमेरिकेचं यादवी युद्ध शिकवत होते, म्हणून मंडळाच्या गणपतीतल्या पाच मिनिटांच्या भाषणालाही तिने तोच विषय घेतला. इंग्लंडात, रीडिंग शहरातल्या आमच्या मंडळात मुलांची भाषणं अध्यक्ष आधी तपासतात. ते पुण्याचे, वयाने मोठे. तिचा कागद त्यांनी लाल रेघा मारून माझ्या हातात ठेवला.

"छान लिहिलंय हो," ते म्हणाले, "पण गुलामगिरी, गुलामगिरी किती? फेस्टिव्हल आहे. उत्तरेत कारखाने, दक्षिणेत कापूस, रीजनल डिफरन्सेस होते, म्हणून सिव्हिल वॉर झालं. पुरे. आणि शेवटचा पॅराग्राफ काढाच."

शेवटच्या परिच्छेदात माझं माहेर होतं. नागपूरला आईकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा कप मागच्या खिडकीत वेगळा असतो. गेल्या सुट्टीत मुलीने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "त्यांचा कप आत का नाही?" आई म्हणाली, "अगं, ती घरचीच आहे." मुलीने लिहिलं होतं की कप म्हणजे गुलामगिरी नव्हे, पण गुलामांचे मालकही असंच म्हणायचे, हे आमच्या घरचेच आहेत.

माझं डोकं फिरलं.

"काका, महाप्रसादाच्या आमटीत गूळ घालायचा की नाही, यावरून आपण पुणे-नागपूर दरवर्षी भांडतो. शेवटी दोन पातेली चढवतो. कुणी बंदूक काढली का? फरक सगळीकडे असतात. पण एका बाजूचं पोटच माणसं विकत घेण्यावर चालत असेल, आणि नव्या मुलुखातही तेच चालवायचा हट्ट असेल, तर दोन पातेल्यांनी भागत नाही. तिथे युद्ध होतं. तिने हेच लिहिलंय."

"मग तिचं नाव लिस्टमधून काढावं लागेल."

"काढा. का काढलं ते मी स्टेजवर येऊन सांगेन."

नाव राहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आई नागपूरहून व्हिडिओ कॉलवर होती. फोन माझ्या हातात, स्टेजकडे धरलेला. मुलगी धडाधड बोलली. एकही लाल रेघ तिने मानली नाही. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र तिची नजर फोनवर गेली, आज्जी कौतुकाने हसत होती, आणि मुलगी थांबली. तिला आज्जी फार प्रिय आहे. मलाही माझी आई प्रिय आहे, पण त्या परिच्छेदाचा भार चौदा वर्षांच्या मुलीने का उचलावा? कप मी जन्मापासून पाहत आले होते.

मी उभी राहिले आणि तो परिच्छेद जागेवरूनच म्हटला. कागदावर नसलेलं एक वाक्य जोडलं: "आणि मी इतकी वर्षं गप्प बसले." अध्यक्ष जमिनीकडे बघत होते. टाळ्या थोड्याच पडल्या. फोनवरची आई निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "चारचौघांत आईची लाज काढलीस. बरं वाटलं?"

"नाही वाटलं," मी म्हटलं. "कप कुठे आहे?"

"खिडकीत," ती म्हणाली.

"मग आत घेऊन ये. मी फोन धरून बसलेय."