सहा इंचांची चूक

सिव्हिलची पदवी हातात पडल्यावर बाळ्यानं सात ठिकाणी मुलाखती दिल्या. सगळीकडे एकच प्रश्न: साइटचा अनुभव किती? अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असं करत वर्ष गेलं. शेवटी एका सातमजली इमारतीच्या कामावर त्याला ज्युनियर इंजिनियर म्हणून घेतलं. हेल्मेट नवंकोरं होतं, बूट करकरत होते, आणि नुसत्या नजरेनं सळईची जाडी काही ओळखता येत नव्हती.

दुसऱ्या महिन्यात वीटकामाला नवी टोळी आली. तिच्यातला सगळ्यात म्हातारा गवंडी म्हणजे त्याचेच वडील. तीस वर्षं भिंती बांधून अण्णांनी त्याला शिकवलं होतं.

"आता बापाची हजेरी पोरगा घेणार," आई घरी हसत म्हणाली.

बाळ्या हसला नाही. "अण्णा, साइटवर आपलं नातं कुणाला सांगू नका. आणि चारचौघांत मला शिकवू नका. लोक मान देणार नाहीत."

अण्णांनी तोंडातला घास सावकाश गिळला. "बरं."

त्यांनी शब्द पाळला. साइटवर ते त्याला साहेब म्हणत, डबा लांब बसून खात. बाळ्याला हायसं वाटलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या भिंतींची आखणी त्यानं एकट्यानं केली. नकाशात माप खांबाच्या मध्यापासून होतं, त्यानं ते खांबाच्या कडेपासून धरलं. अण्णांनी दोरी ताणली, पावलांनी जागा मोजली आणि उठून त्याच्याकडे आले.

"साहेब, माप एकदा बघून घेता का? आत जागा कमी पडेल असं वाटतंय."

शेजारी मुकादम उभा होता. "बघितलंय मी," बाळ्या म्हणाला. "तुम्ही विटा लावा."

अण्णा परत गेले आणि त्यांनी विटा लावल्या.

आठ दिवसांनी दारांच्या चौकटी आल्या. एकही बसेना. मोठ्या साहेबांनी टेप लावला. सगळ्या भिंती सहा इंच सरकलेल्या होत्या. आता आपली खैर नाही, असं बाळ्याला वाटलं. पण साहेब शांतपणे म्हणाले, "पहिल्या वर्षी सगळेच चुकतात. पण विचारत जा रे. त्या म्हाताऱ्या गवंड्याला विचारलं असतंस तरी त्यानं सांगितलं असतं."

"हो, सर."

ते माझे वडील आहेत, हे त्याच्या ओठांवर आलं. त्यानं ते गिळलं.

भिंती अण्णांनीच पाडल्या. ओळंब्यात इतक्या सरळ होत्या, जोड इतके भरलेले, की हातोड्याला दाद देईनात. दोन दिवस तो ठोकाठोकीचा आवाज जिन्यात उभा राहून ऐकण्यापलीकडे बाळ्यानं काही केलं नाही.

"तुम्हाला दिसत होतं, मग अडवलं का नाही?" त्यानं घरी विचारलं.

"सांगितलं की."

"जरा जोरात सांगायचं."

"बाप म्हणून जोरात सांगितलं असतं," अण्णा पाय चेपत म्हणाले. "गवंड्यानं किती वेळा सांगायचं?"

पुढच्याच महिन्यात ते दुसऱ्या कामावर गेले. तिथं जिने कमी आहेत, गुडघ्यांना बरं, एवढंच म्हणाले.

बाळ्याला अनुभवाचा दाखला मिळाला, मग चांगली नोकरी. वीट वाजवून कशी पारखायची, किती भिजवायची, हे तो परक्या गवंड्यांकडून शिकला. दर वेळी वाटायचं, अण्णांना नीट विचारायला हवं, एकदा माफीही मागायला हवी. सुट्टी यायची नि जायची.

मग अण्णांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. तेव्हा कुठे बाळ्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला. "अण्णा, त्या दिवशी नुसत्या पावलांनी तुम्हाला कसं कळलं?"

अण्णांच्या डोळ्यांत एकदम हुशारी आली. घशातून आवाज निघाला, पण शब्द होईना. डाव्या हातानं त्यांनी हवेत काहीतरी आखून दाखवलं, परत एकदा दाखवलं, आणि त्याच्याकडे बघत राहिले.

बाळ्याला काहीच उमगलं नाही. त्यानं कळल्यासारखी मान हलवली.